माघातल्या फुलांची तयारी दसऱ्याला

दर फेब्रुवारीत ठरलेला प्रसंग. सोसायटीतलं कोणीतरी पापड वाळत घालायला गच्चीवर येतं, माझ्या कुंड्यांपाशी थबकतं आणि म्हणतं, “काकू, कसली फुललीयेत! कुठून आणलीत? येत्या रविवारी आम्हीही लावतो.” मी नर्सरीचा पत्ता देते आणि त्याच दमात सांगते की आता लावू नका. समोरच्याचा चेहरा पडतो. काकूंना शेजारी दुसरी बाग नकोय, असंच वाटत असणार.

पण फेब्रुवारीत नर्सरीतून आणलेलं फुललेलं रोप म्हणजे अर्धं आयुष्य संपलेलं रोप. काळ्या पिशवीत मुळांचा गोळा झालेला असतो. घरी आणून कुंडीत लावून ते जरा रुळेपर्यंत मार्च उजाडतो, पुण्यात पारा पस्तिशीला टेकतो आणि पिटुनिया मान टाकते. मग “माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत” असा निष्कर्ष निघतो. हाताचा काही दोष नाही, तारीख चुकलेली असते. ज्यांना येत्या वसंतात घरी फुलं हवीत आणि ज्यांनी आजवर तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही, त्यांच्यासाठी मी करते तसं सगळं वेळापत्रक इथे लिहितेय. माझी बाग पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत आहे. मुंबई-कोकणात आणि विदर्भात जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

पाकिटावरचा वसंत आणि आपला वसंत

बियांच्या पाकिटावर पुष्कळदा ‘वसंतात पेरा’ असं छापलेलं असतं. ते थंड देशांसाठी खरं आहे. तिथे वसंत म्हणजे बर्फ वितळून जमीन उबदार व्हायला लागते तो काळ. आपल्याकडे त्याच महिन्यांत जमीन कोरडी पडून तापायला लागते. त्यामुळे तिथे उन्हाळाभर फुलणारी पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, कॅलेंडुला ही मंडळी आपल्याकडे थंडीत वाढतात. पेरायची ऑक्टोबरात, फुलायला लागतात डिसेंबरच्या शेवटी, आणि वसंतपंचमीच्या आसपास त्यांचा भर असतो. होळी झाली की त्यांचा कारभार आटोपला.

आपला अस्सल वसंत वेगळाच आहे. पळस, पांगारा, काटेसावर बघा. आधी पानं टाकतात, मग उघड्या फांद्यांवर फुलतात, आणि तेही मुळाशी पाण्याचा टिपूस नसताना. घरच्या बागेतला मोगरा याच सवयीच्या जवळचा. त्याला थंडीत थोडं तहानलेलं ठेवलं, कापलं, पानं काढली की चैत्रात तो भरभरून देतो. म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत. एक दसऱ्याला सुरू होतं, दुसरं मार्गशीर्षात. दोन्हींची फळं, म्हणजे फुलं, वसंतात.

पहिल्या वर्षी एवढंच लावा

चार बियांची आणि एक रोपाचं, याहून जास्त काही घेऊ नका. मखमली झेंडू, पिटुनिया, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम. आणि मोगऱ्याचं एक रोप.

झेंडू कोणालाही येतो, म्हणून तो धीर देण्यापुरता. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून त्यांचं बी पेरलं तरी उगवतं, फक्त मूळ फुलासारखंच फूल येईल याची खात्री नाही. बाजारातला झेंडू बहुतेक संकरित असतो. फ्लॉक्स मला सगळ्यांत आवडतो, कारण एकाच पाकिटातून पांढरा, गुलाबी, किरमिजी, मधे डोळा असलेला असे कितीतरी रंग निघतात आणि कमी मेहनतीत कुंडी गच्च भरते. नॅस्टर्शियमचं बी वाटाण्याएवढं, लहान मुलांच्या हाताने पेरण्याजोगं. त्याची गोल पानं चावून बघा, मोहरीसारखी नाकात जातात.

पॅन्झीचा मोह मुंबईकरांनी टाळावा. तिला गार रात्री लागतात, त्या पुण्या-नाशकात मिळतात, दादरला मिळत नाहीत. मुंबईत पिटुनियाही नोव्हेंबरच्या मध्यानंतरच पेरा, ऑक्टोबरचा दमटपणा तिला मारतो. त्यापेक्षा कॉसमॉस आणि झिनिया लावलेत तर अधिक समाधान मिळेल.

आणि ट्युलिप नको. हे जरा जोर देऊन सांगते, कारण मी स्वतः फसलेय. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ट्युलिपचं ‘बी’ मागवलं होतं, सात रंगांच्या फोटोवर भाळून. त्यातून उगवलं ते कसलंतरी गवत. ट्युलिप बियांपासून फुलायला कितीतरी वर्षं घेतं, म्हणून सगळीकडे कंदच लावतात, आणि त्या कंदालाही आधी १२ ते १४ आठवडे सलग कडक थंडी लागते. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ते मार्च-एप्रिलमध्ये फुलतं कारण तिथे खरा हिवाळा असतो. कोथरूडमध्ये फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कंद ठेवून एखादं फूल काढता येतं, पण तेवढ्या काळात घरातल्यांचे टोमणे किती ऐकायचे ते ज्याने त्याने ठरवावं.

ऊन मोजायचं ते डिसेंबरातलं

नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक इथे होते. पावसाळा संपता संपता आपण बाल्कनीत उभं राहून म्हणतो, इथे ऊन येतं. पण सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे झुकतो. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो डोक्यावर येत नाही, दक्षिणेला तिरका राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन पार आतपर्यंत येतं आणि मे महिन्यात तीच बाल्कनी सावलीत असते. उत्तरेच्या बाल्कनीचं नेमकं उलटं. तिथे डिसेंबर-जानेवारीत थेट ऊन येतच नाही, म्हणून या फुलांचा नाद तिथे सोडून द्या आणि शोभेच्या पानांची झाडं ठेवा. पूर्व-पश्चिम दोन्ही चालतात, फक्त पश्चिमेला मार्चमध्ये लवकर भाजायला लागतं.

रोज ५ ते ६ तास थेट ऊन हवं. ४ तासांत रोप जगतं, पण पानंच फार येतात.

गच्चीवर ठेवणार असाल तर कुंड्या जमिनीला टेकवू नका. लोखंडी स्टँड किंवा दोन विटा, काहीही चालेल, खालून पाणी वाहून जायला आणि झाडायला जागा हवी. गळती कुठल्याही कारणाने झाली तरी सोसायटीच्या बैठकीत ती तुमच्या कुंड्यांच्याच नावावर मांडली जाते.

माती

पुण्याची काळी माती कुंडीत थेट भरू नका. ओली असताना चिखल, वाळल्यावर दगड, आणि मधे भेगा. मी तीन सारखे भाग घेते: लाल किंवा पोयट्याची माती, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दर कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवल्यावर एकदा ते पाणी पिळून टाका आणि पुन्हा भिजवा, त्यात मीठ असतं.

शेणखत कुजलं आहे की नाही हे वासावरून कळतं. पावसानंतरच्या जमिनीसारखा वास आला तर झालं. शेणाचा वास येत असेल तर अजून महिनाभर झाकून ठेवा, कच्चं खत मुळं जाळतं आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आणतं.

पिटुनिया, फ्लॉक्सला ८ ते १० इंची कुंडी पुरते. मोगऱ्याला १२ इंची आणि शक्यतो मातीची, कारण काळं प्लॅस्टिक एप्रिलच्या उन्हात मुळं उकडून काढतं. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. भोक बुजलं की बाकी सगळं केलेलं फुकट.

ऑक्टोबर: पेरणी

परतीचा पाऊस गेल्याशिवाय पेरायचं नाही. पुण्यात साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो आटोपतो, पण दरवर्षी त्याचा काहीतरी हिशेब उरलेला असतो. एका दसऱ्याला मी ट्रे उघड्यावर ठेवून तोरण लावायला खाली गेले आणि अर्ध्या तासात आलेल्या सरीने पिटुनियाचं सगळं बी गच्चीच्या नाल्यातून वाहून नेलं. तेव्हापासून पेरणीचा ट्रे पत्र्याखाली.

ट्रे म्हणजे नर्सरीचाच हवा असं नाही. मिठाईचे प्लॅस्टिकचे उथळ डबे तळाला गरम सळईने भोकं पाडून उत्तम चालतात. त्यात फक्त कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, निम्मं-निम्मं. माती नको. मिश्रण आधी ओलं करून घ्या, मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब पडेल इतपत.

आता बी. पिटुनियाचं पाकीट पहिल्यांदा उघडलं की माणूस घाबरतो. आत काही आहे की नाही असा संशय येतो. ते बी खसखशीहूनही बारीक, एका ग्रॅममध्ये साधारण १० हजार. नुसत्या बोटांनी टाकायला गेलात तर एका कोपऱ्यात हजार पडतील आणि बाकी ट्रे रिकामा. म्हणून चमचाभर कोरडी बारीक वाळू घ्यायची, त्यात बी मिसळायचं आणि रांगोळी सोडतो तसं चिमटीतून ट्रेवर सोडायचं. वाळू पांढरट असेल तर कुठे पडलं, कुठे राहिलं तेही दिसतं. वरून माती टाकायची नाही. या बियाला उगवायला उजेड लागतो, झाकलं की संपलं. हलक्या हाताने तळव्याने दाबायचं आणि स्प्रेच्या बाटलीने फवारा द्यायचा. झारी चालणार नाही.

फ्लॉक्सचं याच्या उलट. त्याला अंधार हवा, म्हणून पाव इंच झाकायचं आणि उगवेपर्यंत वर वर्तमानपत्र घालायचं. रोज उचलून बघायचं, पहिला हिरवा ठिपका दिसला की कागद लगेच काढायचा. एक दिवस उशीर केलात तर रोपं उजेडाच्या शोधात लांबुडकी, पांढुरकी होतात आणि मग कधीच धड उभी राहत नाहीत. झेंडू पाव इंच खोल, आडवा. त्याला मुंग्या ओढून नेतात, तेव्हा ट्रे दोन विटांवर आणि विटा पाण्याच्या परातीत.

नॅस्टर्शियमचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून थेट त्याच्या कायमच्या कुंडीत अर्धा इंच खोल टोचा. त्याला उपटून दुसरीकडे लावलेलं खपत नाही.

झेंडू ४-५ दिवसांत वर येतो. पिटुनिया आणि फ्लॉक्सला ७ ते १२ दिवस धरा. या काळात ट्रे उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवायचा, ऑक्टोबर हीट कोवळ्या अंकुराला सोसत नाही.

आणि मग एका सकाळी तुम्ही बघाल की काल ताठ उभी असलेली रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी झालीत. याला रोपं कोलमडणं म्हणतात. बुरशीचा रोग आहे, आणि तो जवळजवळ नेहमी आपल्याच प्रेमाने येतो: रोज तीनदा फवारा, गर्दी, आणि कोंडलेली हवा. पडलेली रोपं वाचत नाहीत. ती आजूबाजूच्या ओल्या मिश्रणासकट चमच्याने उचलून टाका, ट्रे हवेशीर जागी हलवा आणि यापुढे पाणी खालून द्या, म्हणजे ट्रे पाण्याच्या ताटात दहा मिनिटं ठेवायचा, वरचा थर ओलसर दिसला की काढायचा. पेरतानाच मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला आवरणारी उपकारी बुरशी) पावडर घातली असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. खतांच्या दुकानात ती सहज मिळते.

नोव्हेंबर: रोपांची बदली

रोपाला सुरुवातीच्या दोन गोलसर पानांनंतर खरी चार पानं आली की ते हलवायचं. दिवाळी उरकलेली असते, फराळाचे डबे रिकामे झालेले असतात आणि हाताला वेळ असतो, त्यामुळे हे काम मला फार आवडतं. संध्याकाळी पाचनंतर बसायचं. ट्रे तासभर आधी भिजवलेला. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने रोपाच्या बाजूने खुपसून खालून उचलायचं आणि धरायचं ते पानाला, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चिमटलं गेलं तर रोप गेलं. कुंडीत बोटाने खड्डा, त्यात मुळं सरळ सोडायची, दोन बोटांनी अलगद दाबायचं. ८ इंची कुंडीत पिटुनियाची ३ रोपं, फ्लॉक्सची ४. पाहताना फार विरळ वाटतं आणि हात आणखी दोन लावायला शिवशिवतो. आवरा. जानेवारीत तेवढ्याच रोपांनी कुंडी दिसेनाशी होते.

पहिले ४ दिवस सावली, मग ४ दिवस फक्त सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन.

रोप बोटभर उंच झालं, सहा-आठ पानं आली की शेंडा खुडायचा. नवख्या माणसाला हे जिवावर येतं, इतकं जपून वाढवलेलं आपल्याच नखाने तोडायचं म्हणजे! पण शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फुटवा येतो आणि एका काडीचं झुडूप होतं. पिटुनिया, झेंडू, फ्लॉक्स तिघांनाही खुडा. नॅस्टर्शियमला हात लावू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी: फुलं टिकवणं

पाणी सकाळी, मातीत बोटाचं एक पेर घालून वरचा थर कोरडा लागला तरच. थंडीत एक दिवसाआड पुरतं. पाणी मातीवर घाला, फुलांवर नको. पिटुनियाची फुलं भिजली की ओल्या टिश्यू पेपरसारखी चिकटून बसतात आणि सडतात.

खत दर पंधरा दिवसांनी. मी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम घेते आणि मधल्या आठवड्यात शेणाची पातळ स्लरी. ज्यांना रासायनिक नको त्यांनी महिन्यातून दोनदा मूठभर गांडूळखत द्यावं, फुलं थोडी कमी पण चांगली येतात. कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या सालींचं पाणी वगैरे व्हॉट्सॅपवरच्या मंत्रांनी झाडाला अपाय होत नाही, फारसा उपयोगही होत नाही, चिलटं मात्र नक्की येतात. नॅस्टर्शियमला अजिबात खत नको. ते लाडाने बिघडणारं झाड आहे, खत मिळालं की बशीएवढी पानं आणि फुलांचा पत्ता नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणजे सुकलेली फुलं खुडणं. चहाचा कप घेऊन गेलात की दुसऱ्या हाताने तेवढं करायचं. नुसत्या पाकळ्या ओढून काढू नका, पाकळ्यांमागची हिरवी गाठ देठासकट काढा. त्या गाठीत बी धरतं आणि बी धरलं की झाडाचं जीवितकार्य संपलं, मग ते नवीन कळी कशाला काढेल? माझ्या शेजारणीने आणि मी एकाच ट्रेतली रोपं वाटून घेतली होती. तिची जानेवारीअखेर थांबली, माझी धुळवडीपर्यंत चालू होती. फरक एवढाच होता.

या दिवसांत जमलं तर पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन या. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं. तिथल्या कुंड्या बघून न्यूनगंड येतो खरा, पण कोणती जात किती वाढते, कुठला रंग कुठल्या शेजारी उठून दिसतो हे फोटोंपेक्षा तिथे जास्त कळतं. पुढच्या वर्षीची यादी तिथेच करा.

मोगरा

मोगऱ्याचं रोप पावसाळ्यात आणलेलं सगळ्यांत चांगलं, म्हणजे थंडीपर्यंत ते मुरतं. नर्सरीत ‘मोगरा’ एवढंच म्हणाल तर काहीही देतील. हजारी मोगरा झुबक्यांनी येतो आणि सगळ्यांत कमी तक्रारी करतो, पहिल्यांदा लावणाऱ्याने तोच घ्यावा. बटमोगरा म्हणजे घट्ट गोल, भरगच्च पाकळ्यांचा, वासाला अप्रतिम पण फुलं मोजकी. मदनबाणाची कळी लांब, टोकदार. वेलमोगऱ्याला मांडव किंवा जाळी द्यावी लागते, बाल्कनीत तो आवरत नाही.

“आमचा मोगरा पानांनी भरलाय पण फुलतच नाही” हे मी वर्षातून दहा वेळा ऐकते. दोन कारणं असतात. एक सावली. दुसरं, त्याला कोणी कधी कापलेलंच नसतं. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते. जुनी फांदी नुसती पानं मिरवते. तेव्हा नवे फुटवे आणायचे असतील तर जुनं काढावं लागतं.

डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडायला लागा. एकदम बंद नाही, चार-पाच दिवसांनी एक फुलपात्रं. पानं पिवळी पडतील, काही गळतील. बघवत नाही, पण तसंच ठेवा. संक्रांतीच्या आसपास एक सकाळ राखून ठेवा. धारदार कात्रीने प्रत्येक फांदी निम्म्याने कापा, काप पानांच्या जोडीच्या जरा वर, तिरका. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक काड्या मुळापासून काढा.

मग उरलेली पानं. माझी आजी हे काम अंगणात पाट टाकून, मांडीवर जुनं लुगडं पसरून करायची. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने पान देठापाशी धरून वरच्या दिशेला, टोकाकडे मोडायचं. खाली ओढलं तर फांदीची साल सोलवटते आणि त्या सालीलगतच तर डोळा असतो. पान निघालं की त्याच्या बेचक्यात नीट बघा, मोहरीच्या दाण्याएवढा हिरवट उंचवटा दिसेल. तोच दोन महिन्यांनी कळ्या घेऊन येणार. आजी प्रत्येक डोळ्यावरून अंगठा फिरवायची, झोपलेल्या बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा. अंगठा फिरवल्याने काही होत नसावं, पण मीही फिरवते.

झाड उघडंबोडकं दिसायला लागलं की कुंडीतली वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून काढून टाका. वरची मुळं तीन दिवस हवेत राहू द्या. चौथ्या दिवशी दोन ओंजळी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा असं नव्या मातीत कालवून भरा आणि तळातून वाहेपर्यंत पाणी द्या. हाडांचा चुरा घरात चालत नसेल तर त्याऐवजी आणखी एक ओंजळ शेणखत घाला. दोन-तीन आठवड्यांत लालसर-हिरवी पालवी फुटते. तिथून पुढे पाण्यात हयगय नको. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिल्या कळ्या, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीच्या डाळीशेजारी ठेवायला परडीभर फुलं घरची.

एक बहर संपला की थांबू नका. फुललेल्या प्रत्येक फांदीचं टोक पानांच्या दोन जोड्यांपर्यंत कापा, मूठभर खत द्या. महिना-सव्वा महिन्याने पुढचा बहर. असं पावसापर्यंत तीनदा तरी होतं.

तोडायच्या कळ्या दुपारी चार-साडेचारला, टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्या. त्या दिवेलागणीनंतर उमलतात. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर उमलायला जरा वेळ घेतात. माठात टाकणार असाल तर त्या झाडावर कुठलंही रासायनिक औषध मारू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

कीड

थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, दोन-तीन दिवस लागोपाठ. पिठ्या ढेकूण दिसला, म्हणजे बेचक्यात कापसासारखं पांढरं काही, तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा. तरीही आवरलं नाही तर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब, संध्याकाळी. उन्हात मारलंत तर पानं करपतील.

मोगऱ्याच्या कळ्या न उमलता जांभळट होऊन गळत असतील तर आत कीड आहे. त्या कळ्या खाली पडू देऊ नका, कुंडीतच ठेवूही नका, वेचून घराबाहेर टाका. खालच्या मातीतच तिची पुढची पिढी तयार होते. एप्रिलमध्ये पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसली आणि खाली जाळी असली तर लाल कोळी. त्याला कोरडी गरम हवा आवडते, म्हणून सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारत राहायचं.

मार्चनंतर

पिटुनिया, फ्लॉक्स मार्चच्या मध्यावर मरगळले की त्यांना ओढून धरू नका. विदर्भात तर होळीच्या आधीच निरोप द्यावा लागतो. फ्लॉक्सची काही बोंडं मात्र तपकिरी व्हायच्या आत पातळ मलमलच्या तुकड्यात बांधून ठेवा, वाळल्यावर ती फटकन फुटून बी उधळतात. ते कागदी पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर तारीख लिहून. पावसाळ्यात डबा उघडायचा नाही. संकरित पिटुनियाचं बी धरण्यात अर्थ नाही, ते दरवर्षी विकतच घ्या.

रिकाम्या कुंड्यांत ऑफिस टाइमच्या, म्हणजे ऊन वर आल्यावर उमलणाऱ्या पोर्टुलाकाच्या, काड्या खोचा. एप्रिल-मेच्या उन्हात तीच एक हसतमुख असते. सोबत सदाफुली. सगळ्या कुंड्यांवर बोटभर पालापाचोळा पसरा, पाणी बरंच वाचतं.

आणि पावसाळा सुरू झाला की मोगऱ्याची काडी. पेन्सिलीएवढी जाड, सहा इंच, खालची पानं काढून दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची आणि सावलीत ठेवायची. याहून सोपं म्हणजे खालची एखादी लवचिक फांदी वाकवून, जरा साल खरवडून, शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची आणि वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, मग आईपासून कापून वेगळी. मी दर जुलैत अशी पाच-सहा करते. फेब्रुवारीत पापड वाळत घालताना ज्यांनी विचारलेलं असतं त्यांची नावं फ्रिजवर चिकटवून ठेवलेली असतात, त्यांच्या दारात गणपतीच्या आधी एकेक कुंडी पोचती होते, सोबत फ्लॉक्सच्या बियांची पुडी. पुडीवर मोठ्या अक्षरात लिहिते: दसऱ्याशिवाय उघडू नये.